शहारे सरांचे टोकदार कंस

"मॅडम, थांबा! चिन्नोर हा तांदूळ आहे, पण चिन्नोरचं पोतं हे तांदळाचं पोतं नाही!"

शहारे सर माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, चमत्कार नाही. भंडाऱ्याच्या आमच्या पॉलिटेक्निकमध्ये ग्रंथपाल म्हणून रुजू होऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. धान निघून महिना झाला होता आणि स्टाफमधल्या सात-आठ जणांनी मिळून करडी गावच्या एका शेतकऱ्याकडून सुवासिक चिन्नोर मागवला होता. कॉलेजातली सगळ्यात कोरडी खोली म्हणजे ग्रंथालय, त्यामुळे पोती माझ्या पदरात पडली. त्यातलं एक अर्धंच भरलेलं होतं. मेसमधून उरलेला पातेलंभर साधा तांदूळ कोणीतरी टेबलावर ठेवून गेलं होतं. मी म्हटलं, कशाला सांडासांड, ह्याच पोत्यात ओतून टाकू. पातेलं तिरपं केलं, तेवढ्यात दारात हा उंच, हडकुळा माणूस, दोन्ही हात वर केलेले, जसा काही चौकातला ट्रॅफिक पोलीस.

पातेलं हवेत तसंच राहिलं.

"तांदळातच तांदूळ ओतते आहे सर," मी म्हटलं.

"तेच तर!" त्यांचे डोळे असे चमकले, जणू मी चुकीचं नव्हे, फार मोलाचं काहीतरी बोलले होते. "कोणी तांदूळ मागितला अन् तुम्ही चिन्नोर दिला, तर चालते न? खुशीनं घेते माणूस. पण पोत्याले तुम्ही एकदा 'तांदळाचं पोतं' म्हटलं का संपलं! कोणीही येते, आपला तांदूळ त्यात ओतते, अन् त्याची चूकही नाही. तांदळाच्या पोत्यात तांदूळच ओतला न त्यानं! मंग तुमच्या चिन्नोरचं काय झालं? काढून पाहायले ते तांदळाचं पोतं आहे. ओतायले नाही!"

बोलता बोलता त्यांनी खिशातून मार्कर काढला, एका कापडी पिशवीवर 'साधा तांदूळ' असं लिहिलं, पातेलं माझ्या हातातून घेऊन तीत रिकामं केलं आणि शर्टाची बाही वर सरकवून मला हात दाखवला.

"पाहा, काटा आला."

खरंच आला होता. शहारे आडनावाच्या माणसाच्या अंगावर शहारे. मी हसू दाबलं आणि मनात म्हटलं, बाई गं, ह्या कॉलेजात जरा जपूनच राहावं लागणार.

नंतर कळलं की सर कॉम्प्युटर शिकवतात, जावा नावाची प्रोग्रामची भाषा शिकवतात आणि मला त्यांनी तिसऱ्या सेमिस्टरचा सगळ्यात अवघड धडा दीड मिनिटात शिकवला होता. ह्या धड्याचं नाव जेनेरिक टाइप. त्यात म्हणे नुसती 'यादी' म्हणायची नाही. कशाची यादी ते दोन टोकदार कंसांत लिहायचं. विद्यार्थ्यांची यादी, पुस्तकांची यादी. एकदा लिहिलं की दुसरं काही त्यात शिरू पाहील तर कॉम्प्युटर तिथल्या तिथे अडवतो. मी आयुष्यात प्रोग्रामची एक ओळ लिहिलेली नाही, पण हा धडा मला आजही कोणी झोपेतून उठवून विचारावा.

सरांचे ते टोकदार कंस कागदावर थांबत नसत. अंगठा आणि तर्जनी ह्यांचे दोन चिमटे करून ते हवेत कंस काढत आणि मधल्या जागेत शब्द ठेवत. "डबा" म्हणाले की चिमटे वर, मग "डाळीचा", मग चिमटे खाली. मुलांनी नाव ठेवलं होतं 'कंस सर'. सरांना ते माहीत होतं. "नाव नेमकं आहे," एवढंच ते म्हणत.

'नेमकं' हा त्यांचा आवडता शब्द आणि 'काहीही' हा शत्रू. कँटीनमध्ये आम्ही बसलो की कोणीतरी म्हणायचं, "मला काहीही चालेल." झालं! सरांचा चहा कपात निवत राहायचा.

"'काहीही' हा सगळ्यात वरचा टाइप आहे. जगातलं सगळं त्याच्यात बसते, म्हणून त्याच्याकडून कोणतीच अपेक्षा करता येत नाही. उद्या त्यानं तुमच्यासमोर खुर्ची आणून ठेवली तर बोलू शकता का तुम्ही? खुर्ची पण 'काहीही'च आहे. नेमकं सांगा! आलुबोंडा सांगा!"

शेवटी आमच्या सगळ्या स्टाफला पाच सेकंदांत नेमकी ऑर्डर द्यायची सवय लागली. घरीसुद्धा. माझ्या नवऱ्यानं एकदा "जेवायला काहीही कर" म्हटलं, तर मी त्याच्यासमोर रिकामं ताट ठेवलं. त्या दिवसापासून तो शहारे सरांचं नाव आदरानं घेतो.

त्यांच्या वर्गाचा आवाज ग्रंथालयापर्यंत येत असे. एकदा एवढा गलका झाला की मी उठून पाहायला गेले. सरांच्या हातात एक कापडी थैली होती. प्रत्येक बाकावर जाऊन ते म्हणत होते, "टाका, जे पाहिजे ते टाका, कोणालेच मनाई नाही." पोरांनी खडू टाकला, कंगवा टाकला, लिंबू टाकलं, किल्ली टाकली, एकानं आपला मोजा टाकला. मग सरांनी थैलीचं तोंड आवळलं आणि पहिल्या बाकावरच्या पोराला विचारलं, "ह्याच्यात काय आहे?"

"काहीही असू शकते सर."

"तू म्हण का खायची वस्तू आहे."

"खायची वस्तू आहे सर."

"पक्कं?"

"पक्कं."

"डोळे मीट. हात घाल. जे निघंल ते खा."

वर्ग किंचाळला. पोरानं डोळे मिटून हात घातला आणि नेमका मोजा निघाला. सर आनंदानं वेडे व्हायचे बाकी होते. "खा! काहून नाही खाऊन राहिला? तूच म्हटलं न पक्कं? ह्यालेच जावात म्हणतात कास्ट! आपण तोंडानं म्हणतो का ही खायची वस्तू आहे, मशीन आपला भरवसा ठेवते, अन् प्रोग्राम चालता चालता तोंडावर पडते. आता सांगा, थैलीवर आधीच लिहिलं असतं 'लिंबं', तर मोजा आत गेला असता का?"

"नाही सर!" साठ पोरं एका आवाजात ओरडली. त्या वर्षी त्या धड्यात कोणी नापास झालं नाही.

फक्त वर्गात थांबले असते तर बरं झालं असतं. पण सरांना टाइप सगळीकडे दिसायचे. आमचे मूळ प्राचार्य निवृत्त झाल्यावर कॉलेजला प्रभारी प्राचार्य मिळाले. माणूस सरळ होता, पण भित्रा. रजेचा अर्ज असो की पंख्याची दुरुस्ती, ते म्हणायचे, "वर विचारावं लागेल." पहिल्याच स्टाफ मीटिंगमध्ये शहारे सर उभे राहिले.

"सर, एक शंका आहे. नियम असा का, जिथं मोठा टाइप लागते तिथं त्याचा पोटप्रकार चालला पाहिजे. म्हणजे जिथं प्राचार्य लागते तिथं प्रभारी प्राचार्य चालला पाहिजे. बरोबर?"

"बरोबर," प्रभारी साहेब सावधपणे म्हणाले.

"प्राचार्य रजा मंजूर करते. तुम्ही करता का?"

"वर विचारावं लागेल."

"प्राचार्य पंखा दुरुस्त करते. तुम्ही?"

"वर विचारावं..."

"मंग सर, नुसतं नाव वारसानं घेऊन होत नाही. जे काम वरच्यानं कबूल केलं ते खालच्यानं केलंच पाहिजे. नाहीतर तो पोटप्रकार नाही, नुसती पाटी आहे!"

मी वहीत डोकं खुपसलं. सरांच्या मनात खरंच कोणाचा अपमान नव्हता; त्यांना फक्त एक नेमकं उदाहरण सापडलं होतं आणि ते सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं. प्रभारी साहेबांनी मात्र ते विसरायचं नाही असं ठरवलं असावं. पंखा दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला, ही गोष्ट वेगळी.

ह्या पार्श्वभूमीवर प्रांजलीचं प्रकरण उभं राहिलं.

प्रांजली शेवटच्या वर्षाला होती. चिखल्याची, मँगनीजच्या खाणीजवळच्या कामगार वस्तीतली. बोलायला कमी, कामाला पक्की. तिनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी खाणीतल्या कामगारांच्या पाळ्या लावणारा एक प्रोग्राम केला होता आणि तो नागपूरला राज्यभरच्या स्पर्धेसाठी निवडला गेला होता. आमच्या कॉलेजातून पहिल्यांदाच. सरांच्या हातावर चार दिवस काटा होता.

बाहेरगावी जायचं तर परवानगीपत्र हवं. ते कॉलेजच्याच सॉफ्टवेअरमधून निघायचं आणि त्यात एक रकाना होता : वडिलांचे नाव. त्याखाली वडिलांची सही, प्राचार्यांच्या समोर. नावं नागपूरला पाठवायची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत होती.

त्या दिवशी प्रांजली ग्रंथालयात शेवटच्या टेबलावर पुस्तक उघडून बसली होती आणि पान उलटत नव्हती. मी जवळ गेले तर रडत होती.

तिचे आई-वडील ती चार वर्षांची असताना वर्षभरात दोघंही गेले. वस्तीत लीलाबाई नावाची एक बाई कामगारांची खानावळ चालवायची. नात्याची नाही, जातीची नाही, शेजारची. ती पोरीला घरी घेऊन गेली आणि पोर तिथंच राहिली. दत्तकाचा कागद वगैरे कोणी केला नाही. प्रवेशाच्या वेळी प्रांजलीनं वडिलांचं नाव लिहिलं, पुढं कोणी विचारलं नाही. आता मात्र सही समोर हवी होती आणि प्रभारी साहेब म्हणाले होते, वडील नसतील तर नाव वगळा, बाकी दोघी जातील.

मी सरांना बोलावलं. सर धावतच प्रभारी साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. मीही मागोमाग गेले. म्हटलं, भांडण झालंच तर मध्ये कोणी हवं.

"सर, तुम्ही फॉर्मवर 'वडील' कायले मागितलं?"

"मी नाही मागितलं. छापलेलं आहे."

"पण तुम्हाले पाहिजे काय? नेमकं सांगा."

प्रभारी साहेब चिडले होते, पण प्रश्न त्यांना खरोखर भिडला. "मुली बाहेरगावी न्यायच्या शहारे सर. उद्या काही झालं तर मी कोणाला फोन करू? कोण येईल? कोणी जबाबदारी घेणारा पाहिजे की नाही?"

"तीन गोष्टी!" सरांनी बोटं मोजली. "एक, सही करंल. दोन, जबाबदारी घेईल. तीन, फोन उचलंल. जो हे तिन्ही करते तो पालक; जावात अशा कबूल कामांच्या यादीले इंटरफेस म्हणतात. वडील हा त्याचा एक प्रकार आहे सर, सगळा पालक नाही! आपण मागताना लहान टाइप मागून राहिलो. घेताना मोठ्या मनानं घ्यावं लागते, देताना नेमकं द्यावं लागते."

"मला तुमचा जावा सांगू नका. फॉर्ममध्ये 'वडील' आहे. फॉर्म बदलत नाही तोवर माझ्या हातात काही नाही. ज्यानं हा फॉर्म केला त्याला जाऊन विचारा."

सर जागच्या जागी थांबले. मग बाहेर पडले आणि लॅबमध्ये गेले. मी आणि प्रांजली पोचलो तेव्हा स्क्रीनवर जुना कोड उघडलेला होता. नऊ वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाच्या पोरांनी प्रोजेक्ट म्हणून हे सॉफ्टवेअर केलं होतं. वर तीन पोरांची नावं आणि खाली एक ओळ : मार्गदर्शक, प्रा. शहारे.

"मीच पास केलं," ते हळू म्हणाले. "'उत्तम' शेरा देऊन पास केलं. 'वडील' लिहिलेलं मी वाचलं असंल न? वाचलं अन् पुढं गेलो."

त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. एखाद्या पोराच्या चुकीवर ते तास-तास बोलत. आपल्या चुकीवर ते नुसते त्या ओळीवर बोट ठेवून बसले. मग प्रांजली पुढं झाली, तिनं खुर्ची ओढली आणि म्हणाली, "सर, बदलवून पाहू का?"

तिनं तो एक शब्द खोडला. 'वडील'च्या जागी 'पालक'. आणि कळ दाबली.

स्क्रीन लालेलाल झाली. बेचाळीस चुका.

मला वाटलं, संपलं. पण सर खुर्चीतून उडाले! "बेचाळीस! पाहा मॅडम, पाहा! बेचाळीस ठिकाणी आपण लोकांना उगाच 'वडील' मागत होतो! मशीननं एकेक जागा दाखवून दिली! वसतिगृहाचा फॉर्म, बसचा पास, सहल, ग्रंथालयाचं कार्ड..."

"माझं कार्ड पण?" मी ओरडले.

"तुमचं पण!"

मग तिथं जो खेळ रंगला तो क्रिकेटच्या सामन्यातही रंगत नाही. प्रांजली दुरुस्त करायची, सर शेजारी उभे राहून प्रत्येक जागेला विचारायचे, "इथं खरंच काय पाहिजे?" आणि मी मोठ्यानं आकडा वाचायची. चाळीस. पस्तीस. अठ्ठावीस. मध्येच एक दुरुस्ती चुकली आणि पुन्हा एकतीस झाले, तेव्हा आम्ही तिघं एकदम हळहळलो. बाहेर पोरं जमली. एका जागी सरांनी तिचा हात धरला : "थांब. हे जन्माच्या दाखल्यावरून उतरवायचं आहे. इथं वडीलच राहू दे. जिथं खरंच वडील पाहिजे तिथं वडीलच नेमकं." साडेचारच्या सुमाराला आकडा शून्य झाला, खिडकीतून टाळ्या वाजल्या आणि सरांनी दोन्ही बाह्या वर करून सगळ्यांना हात दाखवले.

प्रभारी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "ठीक आहे. पण माणूस? उद्या साडेअकरापर्यंत माझ्यासमोर उभा पाहिजे."

लीलाबाईंचा फोन लागत नव्हता. खाणीच्या बाजूला नेटवर्क असलं तर असतं. सर म्हणाले, "मी जाऊन आणतो." भंडाऱ्याहून चिखला म्हणजे तुमसरच्याही पलीकडे. सकाळी सहाला ते स्कूटरवर निघाले.

दहा वाजले, साडेदहा वाजले. मी ग्रंथालय उघडं टाकून फाटकाशी उभी. प्रांजली माझ्या शेजारी, तिच्या मैत्रिणी तिच्या शेजारी. अकरा वाजले. सरांचा फोन वाजत होता, उचलत कोणी नव्हतं. सव्वाअकराला प्रभारी साहेबही व्हरांड्यात येऊन घड्याळ पाहून गेले.

अकरा बावीसला स्कूटर आली! सर पांढऱ्या शर्टासकट काळे झाले होते. खनिजाच्या ट्रकांच्या मागं अडकले होते म्हणे अर्धा तास. मागं डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली एक ठेंगणी बाई, मांडीवर जेवणाचा डबा. उतरली, ओढणी झटकली आणि पहिल्यांदा माझ्याकडे तक्रार केली.

"हा मास्तर रस्ताभर काय बोलून राहिला बाई! म्हणे मी इंटरफेस आहो. मी म्हटलं, मी लीला आहो. तं म्हणे नाही, तुम्ही इंटरफेस पूर्ण करता. म्या म्हटलं, करतो बाबा, सगळं पूर्ण करतो, पण समोर पाहून चालव."

प्रांजली हसली आणि तिच्या गळ्यात पडली.

केबिनमध्ये लीलाबाई खुर्चीवर बसली नाही, उभीच राहिली. प्रभारी साहेबांनी विचारलं, "तुम्ही हिच्या कोण?"

"कोणी नाही साहेब." ती सरळ म्हणाली. "तिची माय येगळी, बाप येगळा. मी खानावळवाली. ताप आला का मी बसतो जवळ. फी भरायची असली का मी भरतो. शाळेत मास्तरनं बोलावलं तं मीच गेलो. आता कोण म्हणायचं ते तुम्ही लिहा."

"बाहेरगावी जाते आहे. काही झालं तर?"

"काही झालं तं तुमच्या आधी मी पोचन."

साहेबांनी कागद पुढं सरकवला. तिनं पेन घेतला आणि एकेक अक्षर थांबून-थांबून पूर्ण नाव लिहिलं. काना राहिला होता, तो परत येऊन दिला. मग फोन नंबर सांगितला. साहेब शेवटी साहेबच. त्यांनी खात्री करायला तिच्यासमोरच नंबर फिरवला. लीलाबाईच्या कमरेच्या पिशवीत घंटी वाजली. तिनं फोन काढला आणि साहेबांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, खणखणीत आवाजात म्हणाली, "हालो! कोन बोलून राहिलं? मी जरा साहेबापाशी आहो, मंग करा!" आणि ठेवून दिला.

प्रभारी साहेब आधी हातातल्या फोनकडे पाहत राहिले. मग एवढे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हसता-हसताच त्यांनी सही केली. वर कोणालाही न विचारता! यादी अकरा पन्नासला नागपूरला गेली. बाहेर सर पोरांना सांगत होते, "पाहिलं? तिन्ही झाले! समोर माणूस असून फोन उचलला!"

नागपूरला पहिला नंबर नाही आला. दुसरा आला. बातमी कळली तेव्हा कॉलेजात फटाके फुटले.

मुली परत आल्या त्या दिवशी मात्र शहारे सर कॉलेजात नव्हते. इतक्या वर्षांत त्यांनी रजा घेतल्याचं मला आठवत नव्हतं. प्रांजलीला संध्याकाळच्या गाडीनं चिखल्याला जायचं होतं. ती पेढ्यांचा एक डबा माझ्याकडे देऊन गेली. "सरांना आजच द्या मॅडम."

सर नदीच्या पुलापलीकडे कारध्याला राहायचे. कॉलेज सुटल्यावर मी स्कूटी तिकडे वळवली. घर विचारत गेले. पडोळेंच्या घरी भाड्यानं राहतात, असं एकानं सांगितलं.

कौलारू घर, सारवलेलं अंगण. अंगणात खाटेवर एक फार म्हातारे बाबा उशांना टेकून बसले होते. घरमालक पडोळे हेच असावेत. कपाळावर ओली घडी होती, ताप असावा. मला पाहून त्यांनी आत हाक मारली, "विनोद! अरे विनोद! कोणीतरी बाई आली."

"आलो बाबा," आतून आवाज आला आणि शहारे सर बाहेर आले. हातात पेजेची वाटी होती, खांद्यावर पंचा.

मी गोंधळले. विनोद हे काही सरांचं नाव नव्हे. कॉलेजात कोणी 'शहारे'चं 'सहारे' केलं तरी थांबवून दुरुस्त करणारा हा माणूस! त्यांनी माझ्याकडे पाहून जराशी मान हलवली, आत्ता नका विचारू अशी. मी पेढ्यांचा डबा दिला. "कॉलेजातल्या मॅडम आहेत बाबा," ते म्हणाले आणि खाटेच्या कडेला बसून त्यांना पेज भरवू लागले. प्रत्येक घोटाला थांबत, हनुवटी पुसत.

बाबांचा जरा डोळा लागल्यावर ते मला सोडायला फाटकापर्यंत आले.

"विनोद त्यांचा एकुलता पोरगा," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्याच वयाचा. सात वर्षं झाली त्याले जाऊन. तेव्हा मीच सांगितलं होतं बाबाले. विनोदची आई पण गेली त्याच्या मागं. मंग बाबाचं ध्यान जायला लागलं. 'विनोद कुठं गेला' म्हणून विचारत. दोन-तीनदा मी खरं सांगितलं, नेमकं. दरवेळी त्यांच्यासाठी तो नव्यानं मरायचा, मॅडम. पहिल्यांदा ऐकल्यासारखे रडायचे. एक दिवस त्यांनी मलेच 'विनोद' म्हणून हाक मारली. मी ओ देऊन टाकली."

मी विचारलं, "आणि तुम्हाला ओळखतच नाहीत?"

"ओळखतात न! शहारे त्यांच्या पक्का ध्यानात आहे."

तेवढ्यात खाटेवर हालचाल झाली. बाबा उठून बसायची धडपड करत होते. सर लगबगीनं गेले, पाठीला हात देऊन त्यांना बसवलं, पंचा नीट पांघरला. बाबांनी अंगणात सगळीकडे नजर फिरवली, मग फाटकाकडे पाहिलं.

"विनोद, अंधारून आलं रे. आपला शहारे आला नाही का अजून? चांगला माणूस आहे तो. त्याच्यासाठी भात ठेवजो."

"ठेवला बाबा," शहारे सर म्हणाले. "येऊनच राहिला तो. पुलावर असंल."

"हं," म्हातारे बाबा म्हणाले आणि त्यांचा हात धरून वाट पाहत बसले.